कुपी आणि कैफियत

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक वाक्प्रचार आहे. ऋतूशी त्याचे नाते आहे ते उष्णतेपुरतेच. लघवी करताना होणारी आग, थेंबथेंब होणे, पुन्हापुन्हा जावेसे वाटणे आणि जाऊन आल्यावरही मोकळे न वाटणे, या साऱ्या अवस्थेला मिळून हे एक नाव आहे. धने-जिऱ्याचे पाणी, वाळ्याचे पाणी, सब्जा असे त्यावरचे घरगुती उपायही ठरलेले असत. आज तीच बाई (बहुधा बाईच, त्याचे कारण पुढे येईल) दवाखान्यात गेली की तिच्या हाती एक रिकामी डबी दिली जाते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या कागदावर पस सेल्स, नायट्राइट आणि कल्चरचा आकडा छापून येतो. त्या कागदावरून तिला ‘युरिन इन्फेक्शन’ आहे की नाही ते ठरते. पहिले नाव भोगणाऱ्याने ठेवलेले आहे, दुसरे कुपीने. या दोन नावांमधले अंतर कसे पडत गेले, याचा इतिहास आम्हांस वैद्यकाइतकाच वाचनव्यवहाराचाही वाटतो. चिन्ह कोणते, ते कोणी वाचावे, आणि वाचकाचे म्हणणे व बोलणाऱ्याचे म्हणणे यांत तंटा पडला तर प्रमाण कोणाचे, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना अनोळखी नाहीत.

आपल्याकडच्या जुन्या संहितांमध्ये हा विकार ‘मूत्रकृच्छ्र’ या नावाने येतो. कृच्छ्र म्हणजे कष्ट. म्हणजे हेही नाव भोगण्यावरूनच पडलेले. चरक त्याचे आठ प्रकार सांगतो, आणि निदानशास्त्रावर स्वतंत्र ग्रंथ लिहिणारा माधवही आठच सांगतो. वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक, शिवाय शल्याने, मलावरोधाने, अश्मरीने आणि शुक्रावरोधाने होणारा, अशी माधवाची यादी. तीत दाह, वेदना, थोडे थोडे होणे, जडपणा अशी जी लक्षणे आहेत त्यांपैकी बहुतेक रोग्याला विचारल्यावाचून कळण्याजोगी नाहीत. वैद्य मूत्राकडे पाहतो, त्याचा रंगही सांगतो. पण त्याच्या वर्णनाचा कणा रोग्याची कैफियत हाच आहे.

मूत्राची स्वतंत्र, विधिवत् परीक्षा आपल्याकडे बरीच उशिरा, ‘योगरत्नाकरा’सारख्या उत्तरकालीन ग्रंथांत दिसते. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती अशा अष्टविध परीक्षेत ती दुसऱ्या क्रमांकावर आहे. पहाटेच्या प्रहरी, पहिली धार सोडून मधली धार काचेच्या पात्रात धरावी, उजाडल्यावर तीत तेलाचा एक थेंब अलगद सोडावा आणि तो कसा पसरतो ते पाहावे, असा हा तैलबिंदूचा विधी. थेंब सापासारखा लांबला तर वात, छत्रासारखा झाला तर पित्त, मोत्यासारखा राहिला तर कफ. भरभर पसरला तर रोग साध्य, बुडाला तर असाध्य.

मधली धार धरण्याची ही सूचना वाचून आम्हीही क्षणभर चमकलो होतो, कारण आजची प्रयोगशाळा डबी देताना हेच सांगते. परंतु येथे सावध राहिले पाहिजे. आज पहिली धार सोडतात ती त्वचेवरचे जंतू नमुन्यात येऊ नयेत म्हणून. जंतूंची कल्पनाच नसलेल्या ग्रंथकाराच्या मनात हे कारण असणे शक्य नाही. सारखी कृती म्हणजे सारखा विचार नव्हे. ‘आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते’ या थाटाचे लेखन मराठीत पुष्कळ होते, आणि त्यात त्या पूर्वजांचा खरा विचार काय होता हे जाणून घेण्याचे कष्ट मात्र वाचवले जातात.

युरोपात कुपीचे राज्य याहून कितीतरी आधी आणि कितीतरी जोरात सुरू झाले. बायझंटाईन वैद्य थिओफिलस याचा मूत्रावरचा ग्रंथ आणि दहाव्या शतकात कैरवान येथे होऊन गेलेल्या इसाक अल्-इस्राइली याचा अरबी ग्रंथ, हे दोन्ही लॅटिनमध्ये गेले. इसाकचा ग्रंथ अकराव्या शतकात कॉन्स्टंटाइन आफ्रिकनसने भाषांतरित केला. सालेर्नोच्या वैद्यकशाळेत शिकलेल्या आणि पुढे फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याचा वैद्य झालेल्या जिल द कॉर्बेल याने हे सारे शास्त्र लॅटिन षट्पदी वृत्तात बांधले. मूत्रपरीक्षेवरचे हे काव्य पुढची कित्येक शतके विद्यार्थी पाठ करीत राहिले. साहित्याच्या इतिहासकारांनी त्याच्याकडे सहसा वळून पाहिलेले नाही, आणि काव्य म्हणून त्यांचे फार नुकसान झाले असेही नाही. पण छापखान्याआधीच्या काळात ज्ञान टिकवायचे तर ते छंदात घालावे लागते, ही गोष्ट माधवाच्या श्लोकांना आणि कॉर्बेलच्या षट्पदींना सारखीच लागू आहे.

या परीक्षेचे साधन म्हणजे ‘मातुला’ ही गोल बुडाची, पातळ काचेची कुपी. तिचा आकार मूत्राशयासारखा ठेवीत. कुपीतल्या द्रवाचे थर कल्पून ते शरीराच्या भागांशी जोडलेले असत. वरचे वर्तुळ म्हणजे मस्तक, आणि खाली खाली जात तळाचा गाळ म्हणजे मूत्रपिंड, मूत्राशय व जननेंद्रिये. कुपी ही देहाची छोटी प्रतिकृती आणि म्हणून ती वाचली की देह वाचला, अशी ही रूपकाची चढती पायरी होती. रंगांच्या छटा वीसेक मानीत आणि त्या चक्राच्या आकारात काढून दाखवीत. व्हेनिसमध्ये १४९१ साली छापलेल्या ‘फास्सिकुलुस मेदिचिने’ या सचित्र ग्रंथातले असे चक्र आजही वैद्यकेतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार छापले जाते.

रूपक एकदा पक्के झाले की मूळ वस्तूची गरज उरत नाही. कुपी हाच देह, तर देहाला वैद्यापर्यंत नेण्याचे कारण काय? नोकराच्या हाती कुपी पाठवावी, वैद्याने ती उजेडात धरून पाहावी आणि निदान उलट पाठवावे, अशी पद्धत पडली. उजेडात कुपी धरून पाहणारी आकृती ही वैद्याची खूणच होऊन बसली. चॉसरच्या यात्रेकरूंतला यजमान वैद्याची तारीफ करताना त्याच्या मूत्रपात्रांनाही आशीर्वाद देऊन टाकतो, त्यातली थट्टा त्या काळच्या श्रोत्यांना समजावून सांगावी लागली नसेल. शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा’च्या दुसऱ्या भागात फॉलस्टाफ आपल्या पोऱ्याला विचारतो की माझे मूत्र पाहून वैद्य काय म्हणाला. पोऱ्या निरोप सांगतो तो असा, की मूत्र उत्तम आहे, मात्र त्याच्या मालकाला स्वतःला ठाऊक नसतील इतके रोग असू शकतील. कुपी आणि माणूस यांत पडलेली फारकत या विनोदात नेमकी पकडली आहे. वैद्याने फॉलस्टाफला पाहिलेलेच नाही.

डच चित्रकारांनी या दृश्याची अनेक चित्रे रंगवली. यान स्टीनच्या चित्रांत फिकटलेली तरुणी खुर्चीत रेलून बसलेली असते आणि वैद्य गंभीरपणे तिची नाडी किंवा कुपी पाहत असतो. बहुधा दुखणे प्रेमाचे किंवा गरोदरपणाचे आहे असा मिस्कील इशारा भोवतालच्या वस्तूंतून केलेला असतो. चित्र पाहणाऱ्याला सगळे कळते. तरुणीला काय होते आहे हे चित्रात कोणी तिला विचारत मात्र नाही. त्या तरुणींपैकी एखादीला साधी उन्हाळीच लागली असेल, अशी शंका आम्हांस दर वेळी येते.

कुपीच्या या सत्तेवर टीका आतूनच झाली. हॉलंडमधला वैद्य पीटर व्हान फोरेस्ट याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. इंग्लंडात टॉमस ब्रायनने १६३७ साली ‘द पिस-प्रॉफेट’ या नावाचे पुस्तक काढले. हा ब्रायन स्वतः त्याच धंद्यातला, त्यामुळे त्याला हातचलाखी आतून माहीत होती. कुपी घेऊन आलेल्या माणसाकडूनच, त्याला कळू न देता, रोग्याचे वय, दुखणे, किती दिवस झाले हे सारे प्रश्न फिरवून फिरवून काढून घ्यायचे आणि मग तेच कुपीत दिसल्यासारखे सांगायचे, असा तो प्रकार होता. आमच्या मते या पुस्तकातली खरी मौज निराळीच आहे. निदान बरोबर येत असे तेव्हा ते कैफियतीवरूनच येत असे. श्रेय तेवढे कुपीला मिळे.

याच संदर्भात निबंध या वाङ्मयप्रकाराचा जनक मोंतेन आठवतो. त्याला मुतखड्याचा विकार होता. १५८० ते १५८१ या काळात जर्मनी-इटलीच्या प्रवासात औषधी झऱ्यांवर स्नाने करीत असताना कोणत्या दिवशी किती पाणी प्यालो, किती उत्सर्जित झाले, खडा केवढा पडला, याच्या नोंदी त्याने रोजनिशीत केल्या. वैद्यांवर त्याचा विश्वास नव्हता. आपली कुपी आपणच वाचणारा रोगी, असे त्याचे वर्णन करता येईल.

पुढची दोनशे वर्षे आम्ही झपाट्याने ओलांडतो. मूत्र तापवून त्यात साका धरतो का ते पाहणे, त्याचे रासायनिक पृथक्करण, आणि १८३०च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर राये व त्याचा शिष्य व्हिग्ला यांनी सूक्ष्मदर्शकाखाली केलेले गाळाचे पद्धतशीर निरीक्षण, हे टप्पे महत्त्वाचे आहेत. गाळातल्या पेशी दिसू लागल्या, पू ओळखता येऊ लागला. पण पू का होतो हे कळले नव्हते.

ते कळण्याच्या वाटेवर मूत्राने एक अनपेक्षित भूमिका बजावली. लुई पाश्चरला जीव आपोआप निर्माण होतात हे मत खोडून काढायचे होते, आणि त्यासाठी सहज नासणारा द्रव हवा होता. १८६३ साली त्याने दाखवले की शरीरातून थेट निर्जंतुक पात्रात घेतलेले रक्त व मूत्र, बाहेरचे जंतू आत शिरू दिले नाहीत तर, नासत नाही. पुढे १८७०च्या दशकात इंग्लंडच्या बास्टियनने उकळलेल्या मूत्रात पोटॅश घालून जंतू उत्पन्न होतात असा दावा केला. त्या वादातून उकळण्यालाही दाद न देणाऱ्या बीजाणूंकडे लक्ष गेले, आणि पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शांबरलांने दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करण्याचे यंत्र तयार केले. शस्त्रक्रियागृहातला ऑटोक्लेव्ह हा अशा रीतीने एका कुपीवरून झालेल्या भांडणाचा वंशज आहे. या साऱ्यातून एक सिद्धान्त मात्र रूढ झाला, की निरोगी माणसाच्या मूत्राशयातले मूत्र निर्जंतुक असते. पाश्चरने सिद्ध केले होते ते एवढेच, की त्याच्या पात्रात काही वाढले नाही. ही दोन विधाने एक नव्हेत, हे लक्षात यायला दीडशे वर्षे लागली.

१८८१ साली मँचेस्टरच्या विल्यम रॉबर्ट्सने ताज्या मूत्रात जंतू दिसल्याचे नोंदले. १८८५ साली थिओडोर एशरिच याने तान्ह्या मुलांच्या मलात एक दंडाकार जंतू वर्णिला, आणि त्यानेच १८९४ साली लहान मुलींच्या मूत्राशयदाहात तोच जंतू सापडल्याचे लिहिले. आज आपण त्याला त्याच्याच नावाने एशरिचिया कोलाय, बोलीभाषेत ई-कोलाय, म्हणून ओळखतो. साध्या मूत्रसंसर्गांपैकी चारांत तीनांहून अधिक त्याच्यामुळे होतात. आतड्यात गुण्यागोविंदाने राहणारा हा जंतू काही सेंटिमीटरांवरच्या दुसऱ्या दारातून आत गेला की रोगकारक ठरतो. स्त्रीचा मूत्रमार्ग सुमारे चार सेंटिमीटर, पुरुषाचा त्याच्या चौपट-पाचपट. कंसातल्या ‘बहुधा बाईच’चे हे शारीरिक कारण. दुसरे कारण सामाजिक आहे. घराबाहेर पडलेल्या बाईने पाणी कमी पिणे आणि दिवसभर तटून राहणे ही आपल्या शहरांतली नित्याची गोष्ट आहे, आणि मुंबईत २०११ साली ‘राइट टू पी’ ही चळवळ याच मुद्द्यावर सुरू करावी लागली.

रासायनिक पट्टीचीही एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिच्यावरची नायट्राइटची चौकट ज्या रासायनिक प्रक्रियेवर आधारलेली आहे ती पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची, आणि हा गृहस्थ इंग्लंडातल्या बर्टन-अपॉन-ट्रेंट येथे बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. ई-कोलायसारखे जंतू मूत्रातल्या नायट्रेटचे नायट्राइट करतात, पट्टी गुलाबी होते. पण त्यासाठी मूत्र काही तास मूत्राशयात राहावे लागते, आणि ज्या बाईला दर वीस मिनिटांनी उठावे लागते तिच्या मूत्रात नायट्राइट साठणार कसे? शिवाय सगळे जंतू हे रूपांतर करीतही नाहीत. म्हणजे पट्टी गुलाबी झाली तर बरेच कळते; न झाली तर फारसे काही कळत नाही.

आता आम्ही या इतिहासातल्या सर्वांत प्रभावी आकड्याकडे येतो. १९५०च्या दशकात बॉस्टनच्या एडवर्ड कास यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. सळई घालून मूत्र घ्यावे तर सळईच जंतू आत नेते. तसेच धरावे तर त्वचेवरचे जंतू मिसळतात. मग संसर्ग कोणता आणि भेसळ कोणती हे ओळखायचे कसे? कास यांनी जंतू मोजले. मूत्रपिंडाला सूज आलेल्या स्त्रियांच्या नमुन्यांत दर मिलिलिटरला एक लाख किंवा त्याहून अधिक जंतू आढळत, तर भेसळीचे प्रमाण सहसा त्याहून पुष्कळ कमी असे. काहीच लक्षणे नसलेल्या स्त्रियांतही एका नमुन्यात लाखाचा आकडा आला तर संसर्ग असण्याची शक्यता सुमारे ऐंशी टक्के, लागोपाठ दोन नमुन्यांत आला तर पंचाण्णव. १९५६ साली त्यांनी हे मांडले. शक्यतेच्या भाषेत, विशिष्ट रोग्यांपुरते केलेले हे सावध विधान होते.

आकडा मात्र सावध राहिला नाही. लाख ही जगभरच्या प्रयोगशाळांत लक्ष्मणरेषा झाली. आग होते, कळ येते, रात्र बसून काढावी लागते असे सांगणाऱ्या बाईच्या कागदावर लाखाच्या खालचा आकडा आला की तिला संसर्ग नाही असे ठरू लागले. अशा स्त्रियांसाठी ‘युरेथ्रल सिंड्रोम’ असे नाव रूढ झाले, आणि त्यामागे मनाचा भाग असावा ही कुजबूजही त्याबरोबर आली. यान स्टीनच्या चित्रातला मिस्कील इशारा तीनशे वर्षांनी पांढऱ्या कोटात परत आला, असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही.

सिअॅटलच्या वॉल्टर स्टॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली हे तपासले. मूत्राशयातूनच थेट घेतलेल्या नमुन्यात ज्यांच्या ठिकाणी खरोखर जंतू सापडले, अशा आजारी स्त्रियांपैकी सुमारे निम्म्याच लाखाच्या कसोटीला उतरत होत्या. लक्षणे असलेल्या बाईच्या बाबतीत दर मिलिलिटरला शंभर जंतूही पुरेसे मानावेत, असा त्यांचा निष्कर्ष होता. एक लाखावरून शंभर! त्या उरलेल्या निम्म्या बायका जे सांगत होत्या ते आधीपासूनच खरे होते. २००२ साली अमेरिकेत अनेक अभ्यासांचे संकलन करून दाखवले गेले की लघवीला आग आणि वारंवारता आहे व योनिस्राव नाही, एवढे सांगणाऱ्या स्त्रीला संसर्ग असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर जाते. २०१७ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी, लक्षणे असूनही कल्चर निरंक आलेल्या स्त्रियांचे नमुने जनुकीय पद्धतीने तपासले, तेव्हा त्यांतल्याही बहुतेकींत ई-कोलाय सापडला.

यावरून कुपी फेकून द्यावी असे कोणी समजू नये. उलट दिशेने होणारी चूकही तितकीच गंभीर आहे. वृद्धांच्या, मधुमेही स्त्रियांच्या किंवा नळी घातलेल्या रोग्यांच्या मूत्रात काही त्रास नसतानाही लाखभर जंतू सहज सापडतात. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रिया सोडल्या तर अशांना औषध देऊ नये असे वैद्यकाचे आजचे मत आहे. तरीही कागदावरचा ठळक आकडा पाहून प्रतिजैविके लिहिली जातात. रोगी काही म्हणत नाही, कुपी म्हणते, आणि पुन्हा कुपीचेच ऐकले जाते. जंतू औषधांना निबर होण्याच्या कारणांपैकी हे एक. कार्बापेनेमसारख्या राखून ठेवलेल्या औषधांनाही निकामी करणारे ‘न्यू दिल्ली’चे नाव धारण करणारे विकर प्रथम २००८ साली स्वीडनमध्ये आढळले, ते दिल्लीत उपचार घेऊन परतलेल्या भारतीय वंशाच्या रोग्याच्या मूत्रातील जंतूत. २०१० साली आपल्याकडे त्या नावावरून मोठा संताप झाला. नाव जिव्हारी लागणे स्वाभाविक होते, परंतु त्या गदारोळात जंतूपेक्षा नावाचीच चर्चा अधिक झाली.

२०१२ ते २०१४ या काळात शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातील संशोधकांनी आणखी एक काम केले. नेहमीच्या कल्चरमध्ये मूत्राचा हजारावा भाग मिलिलिटर ताटलीवर पसरतात आणि एक दिवस साध्या हवेत ठेवतात. त्यांनी मूत्राशयातून थेट घेतलेले मूत्र अधिक प्रमाणात घेतले, प्राणवायू असलेल्या व नसलेल्या वातावरणात अधिक वेळ ठेवले. रूढ पद्धतीने निरंक ठरणाऱ्या बहुसंख्य नमुन्यांत त्यांना जिवंत जंतू मिळाले; त्यांत कसलाच त्रास नसलेल्या स्त्रियांचे नमुनेही होते. पाश्चरच्या पात्रात काही वाढले नव्हते, कारण येथले पुष्कळ रहिवासी त्या पात्रात वाढणारे नव्हते. मूत्राशयात जंतू असणे हीच जर रोगाची व्याख्या नसेल, तर व्याख्या काय करावी यावर आता नव्याने लिहिले जात आहे, आणि त्या लेखनात ‘लक्षणे’ हा शब्द पूर्वीपेक्षा पुष्कळ वर आला आहे.

प्रयोगशाळेकडे नमुना पाठवताना जो छापील अर्ज भरतात, त्यात रोग्याच्या तक्रारीसाठी एक ओळ असते. आम्ही पाहिलेल्या बहुतेक अर्जांवर ती कोरी होती.